कंट्री रॉकचं सिंगल सांगली-मिरजेत कसं बसवायचं, आणि चार्टवरचा आकडा कसा वाचायचा

सांगलीत कुणाला ‘एक बेंजो लागेल’ म्हणालात, तर समोरून प्रश्न येतो, ‘मिरवणूक कुठली?’ आपल्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, पिकअप लावलेला बुलबुल तरंग. कंट्री रॉकमध्ये, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाच्या रॉकमध्ये, जो बँजो ऐकू येतो तो वेगळा: चामडं ताणलेल्या गोल खोक्याचा, पाच तारांचा, उजव्या हाताच्या तीन बोटांनी वाजणारा. बुलबुल तरंगावर त्याची नक्कल होत नाही. त्याच्या मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि सगळ्या एकदम छेडल्या जातात. बँजोची मजा वेगवेगळ्या सुरांच्या तारा एकेक करून, न थांबता, झरझर वाजण्यात आहे.

ईगल्स या अमेरिकन बँडचं पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) ‘टेक इट ईझी’ १ मे १९७२ ला आलं आणि बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, १२ व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यात बँडमधल्या बर्नी लेडनचा बँजो दुप्पट लयीत वाजतो आणि तो तसा वाजवून घेण्याची कल्पना निर्माते ग्लिन जॉन्स यांची होती. गाणं निवांत, मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, आणि खाली बँजोची धावपळ. निवांत गायकी आणि धावती तार ही जोडी जमली की अर्धं काम झालं.

बँजो नसेल तर जुनी ॲकॉस्टिक गिटार घ्या आणि तिला नॅशव्हिल ट्यूनिंग करा. बारा तारी गिटारचा एक सेट आणायचा आणि त्यातल्या फक्त बारीक जोडीदार तारा चढवायच्या. पहिल्या तारेपासून जाडी साधारण अशी: ०.०१०, ०.०१४, ०.००९, ०.०१२, ०.०१८, ०.०२७ इंच. पहिल्या दोन तारा नेहमीच्याच सुरात राहतात, खालच्या चारही एक सप्तक वर जातात. कॉर्ड नेहमीच्याच धरायच्या. जी कॉर्ड धरून तारा या क्रमानं छेडा: ३-२-१, ३-२-१, ३-१. म्हणजे आठ मात्रांत तीन-तीन-दोन. केरवा हातात बसलेल्या माणसाला हे मोजून सांगावं लागत नाही, पण तो चार-चारमध्ये घसरतो. म्हणून पहिले दोन दिवस ६० च्या मेट्रोनोमवर, दर तुकड्याच्या पहिल्या तारेला किंचित जोर देऊन वाजवा.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. ०.००९ ची तिसरी तार चढवतानाच तुटते, तेव्हा एकाच जाडीच्या तीन-चार तारा जवळ ठेवा आणि चढवताना तोंड बाजूला ठेवा. एकूण ताण कमी झाल्यानं मान मागे झुकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर (पडद्यांवर) तारा खरखरतात. ट्रस रॉड (मानेच्या आतला लोखंडी दांडा) पाव फेरा सैल करा, रात्रभर थांबा, मग पुन्हा बघा. तिसरी अडचण नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची: जाड तारांसाठी कोरलेल्या खाचेत बारीक तार नाचते. कागदाची चिंधी खाचेत घालून वरून तार बसवा. (तंबोऱ्यात आपण दोरा घालून झणकार काढतो, इथे कागद घालून तो घालवायचा.)

स्टीलची रडवेली ओढ

पेडल स्टील आपल्या भागात भाड्यानं मिळेल या आशेवर राहू नका. दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्याला लिव्हर असं ते वाद्य आहे. त्याची खूण मात्र साध्या इलेक्ट्रिक गिटारवर येते. पेडल स्टीलच्या ई-नाइन ट्यूनिंगमध्ये एक पेडल कॉर्डमधल्या पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गंधाराला मध्यमावर, आणि दोन्ही दाबले की पहिली कॉर्ड सरकून चौथी होते. ए सुरात हे असं करा: दुसऱ्या तारेवर १० वा फ्रेट करंगळीनं धरा, हा ए, आणि तो हलता कामा नये. तिसऱ्या तारेवर ९ वा फ्रेट, हा ई. आता दोन्ही तारा एकदम छेडून फक्त तिसरी तार अनामिकेनं, मागे मधल्या बोटाचा आधार देत, पूर्ण एक सूर (दोन फ्रेटइतका) ओढा. ती एफ शार्पवर पोचली की ए कॉर्ड डीमध्ये वितळलेली ऐकू येते.

ओढ बेसूर लागण्याचं कारण बहुतेक वेळा कान नसतो, तार असते. ॲकॉस्टिकची तिसरी तार गुंडाळलेली, ०.०२४ च्या आसपासची असते. ती एक सूर ओढली जात नाही, मध्येच अडकते. इलेक्ट्रिकवर साधी ०.०१६ किंवा ०.०१७ हवी. दुसरी चूक म्हणजे तिसरी ओढताना करंगळीखालची दुसरी तारही ढकलली जाते. करंगळी आडवी न ठेवता टोकावर उभी ठेवली की हे थांबतं.

लांब, तरंगते सूर हवे असतील तर गिटार मांडीवर आडवी घ्या. नटवर उंची वाढवणारा तुकडा बसवला की तारा ८ ते १० मिलीमीटर वर येतात आणि तारांवरून सरकवायचा लोखंडी दांडा फ्रेटला टेकत नाही. तयार तुकडा नाही मिळाला तर मिरजेत सतारमेकर मंडळींकडे जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाडाचा, नेमक्या उंचीचा तुकडा घासून द्यायला या हातांना नकाशा लागत नाही. फक्त जुना नट बरोबर न्या आणि ‘जवारी नको, सरळ धार हवी’ हे आठवणीनं सांगा.

ट्यूनिंग ओपन डी ठेवा: जाड तारेकडून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. यात एकही तार वर चढवावी लागत नाही, म्हणून नेहमीचा सेट टिकतो. ओपन जीच्या डोब्रो (मांडीवर वाजणारी कंट्री गिटार) पद्धतीत सहावी आणि पाचवी वर चढतात आणि त्यासाठी वेगळ्या तारा लागतात. दांडा फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर ठेवायचा, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही. दांड्यामागे त्याच हाताची दोन बोटं तारांवर टेकलेली असू द्या, नाहीतर मागच्या तुकड्याचा किरकिराट माइकमध्ये जातो. मायनर कॉर्ड आली की तिसरी तार सोडून द्या, कारण गंधार तिथेच आहे आणि तो मेजरचाच वाजेल. व्हॉल्यूम पेडल असेल तर आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग पाय दाबायचा. तार छेडल्याचा ‘टक’ जातो आणि सूर हवेतून आल्यासारखा येतो.

ताल सोपा आहे: बेस ड्रम एक आणि तीनवर, स्नेअर दोन आणि चारवर, बेस गिटार मूळ सूर आणि पंचम. वेगळं हवं असेल तर ब्रशनं ट्रेन बीट. स्नेअरवर सलग सोळांश (एका ठोक्यात चार), जोर प्रत्येक ठोक्याच्या मधल्या ‘आणि’वर. ढोलकी घालायचा मोह होतो. एका कडव्यापुरती ठीक आहे, पण ती आली की ऐकणाऱ्याचा कान सगळं सोडून तिच्यामागे जातो.

पट्टी आणि तीन आवाज

गिटारवाला म्हणतो जी, गायक म्हणतो काळी दोन. भांडू नका. काळी दोन म्हणजे डी शार्प: एका गिटारनं पहिल्या फ्रेटवर कॅपो (मानेवरचा चिमटा) लावून डीचे आकार वाजवायचे, नॅशव्हिलवाल्यानं तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे. सूर तोच, पण दोन्ही गिटारींतल्या उघड्या तारा वेगवेगळ्या ठिकाणी वाजतात आणि भरणा दुप्पट होतो. मांडीवरच्या स्टीलला कॅपो नको, तिच्या तीन मुख्य कॉर्ड १, ६ आणि ८ व्या फ्रेटवर मिळतात.

हार्मनीत आपल्याकडची गायकी आडवी येते. सांगली ही नाट्यपंढरी, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं. तेव्हा हरकत-मुरकी गळ्यात असतेच. ती मुख्य गायकानं कडव्यात घ्यावी. ध्रुवपदात तीन आवाज एकत्र आले की तिघांनाही सपाट सूर, एकच स्वर, एकच श्वास. एकानं मुरकी घेतली की उरलेले दोघे बेसूर वाटतात, मग ते कितीही नेमके असोत.

आवाज वाटताना ‘वरचा तिसरा सूर’ असा आंधळा नियम लावू नका, कॉर्ड बघा. सा म्हणजे जी धरू. जी कॉर्डवर (सा-ग-प) मुख्य सूर ग असेल तर वरच्यानं प, खालच्यानं सा. सरळ आहे. पण सी कॉर्डवर (म-ध-सा) मुख्य सूर सा असताना वरच्यानं तिसरा मोजून ग लावला, तर तो कॉर्डबाहेर पडतो आणि नेमका ध्रुवपदाच्या टोकाला खटकतो. तिथे म हवा. प्रत्येकाची ओळ सरगममध्ये वेगळ्या कागदावर लिहून द्या आणि आधी कॉर्ड न वाजवता म्हणवून घ्या. मराठी ओळी शक्यतो आ, ए, ओ अशा उघड्या स्वरावर संपवा. शेवटी ‘त’ किंवा ‘ट’ आला की तिघांचा तो कधीच एका क्षणी पडत नाही, तीन टाळ्या ऐकू येतात. शब्द बदलता येत नसेल तर ते व्यंजन एकट्यानंच म्हणावं, बाकीच्यांनी गिळावं.

खोली

दहा बाय बाराच्या खोलीत गाणं नीट ध्वनिमुद्रित होतं. भिंतींवर माणदेशातली घोंगडी टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. जाड लोकर टाळीचा खणखणाट खाते. ती खाली शंभर-दोनशे हर्ट्झचा घुमारा मात्र खात नाही. त्यासाठी कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा. गिटारचा माइक भोकासमोर ठेवलात तर सगळं घुमेल. तो १२ व्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर, किंचित भोकाकडे वळवून ठेवा. दोन माइक वापरत असाल तर दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट असू द्या, नाहीतर आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. पंखा बंद. पावसाळ्यात साताऱ्याकडे गिटार पेटीबाहेर ठेवू नका: लाकूड फुगतं, तारा चढतात, आणि सकाळी लावलेली पट्टी दुपारी राहत नाही. गणपतीच्या आधीचे चार आठवडे संध्याकाळी मुद्रण ठरवू नका. ढोलपथकाचा सराव घोंगडीला दाद देत नाही.

मास्टर, म्हणजे शेवटची फाइल, उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या एकूण जोराचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. त्याहून मोठा दिला तर स्पॉटिफाय तो खाली आणतो आणि तुमच्या हाती फक्त चेपलेला ड्रम उरतो.

कात्री

सिंगल म्हणजे कापलेलं गाणं. ईगल्सचं ‘लाइन आइज’ अल्बमवर सहा मिनिटांहून मोठं आहे. १९७५ मध्ये सिंगलसाठी ते सव्वाचार मिनिटांच्या आसपास आणलं गेलं आणि हॉट १०० वर दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ तर बँडला न विचारता कापलं. ते १ मार्च १९७५ च्या हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, ईगल्सचं पहिलंच. तरी बँडचा राग इतका, की व्यवस्थापक आयर्विंग एझॉफ यांनी एक तुकडा कापलेली सोनेरी तबकडी ‘सोनेरी करवत पुरस्कार’ म्हणून कंपनीला पाठवली. कंपनीचा हिशेब बरोबर होता, बँडचा रागही. म्हणून कात्री दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी स्वतःच चालवा.

कापायचं असं: आधी सुरुवात. आवाज १५ सेकंदांच्या आत आला पाहिजे, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणं मोजलं जात नाही. मग दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलो निम्मा करा. शेवटचं ध्रुवपद चारदा असेल तर दोनदा करा. जोड नेहमी बेस ड्रमच्या ठोक्यावर द्या. गायकाच्या श्वासावर कापलं तर कान लगेच पकडतो. लांब आवृत्ती फेकू नका, ती वेगळी ठेवा. रेडिओसाठी स्वच्छ आवृत्तीही त्याच दिवशी गाऊन घ्या. चार्ली डॅनिअल्स बँडनं १९७९ मध्ये ‘द डेव्हिल वेंट डाउन टू जॉर्जिया’मधली शिवी रेडिओसाठी बदलून गायली. ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आणि हॉट १०० वर तिसरं आलं.

आकडा कुठल्या यादीतला?

‘गाणं १७ व्या क्रमांकावर गेलं’ हे वाक्य अर्धवट आहे. पोको या कंट्री रॉक बँडचं ‘क्रेझी लव्ह’ १९७९ मध्ये हॉट १०० वर १७ व्या क्रमांकापर्यंतच गेलं. त्याच वेळी बिलबोर्डच्या अडल्ट कंटेम्पररी (मोठ्यांच्या पसंतीच्या मवाळ गाण्यांच्या) यादीत ते सात आठवडे पहिलं होतं. दोन्ही खरं. कुठल्याही क्रमांकासोबत तीन गोष्टी लिहा: यादीचं नाव, आठवडा, आणि ती यादी काय मोजते. सत्तरच्या दशकात हॉट १०० साठी दुकानं आणि रेडिओ स्टेशनं जी माहिती कळवत, तीच धरली जाई. ३० नोव्हेंबर १९९१ च्या यादीपासून बिलांवरच्या बारकोडची आणि यंत्रानं नोंदवलेल्या प्रसारणाची आकडेवारी आली. ५ डिसेंबर १९९८ पर्यंत दुकानात सिंगल म्हणून न आलेलं गाणं हॉट १०० वर येऊच शकत नव्हतं. म्हणून १९७२ चा १२ वा आणि आजचा १२ वा एका तराजूत टाकू नका.

वेळेचंही तसंच. प्युअर प्रेअरी लीग या बँडचं ‘एमी’ १९७२ च्या अल्बमवर होतं. ते लिहिणारा-गाणारा क्रेग फुलर १९७३ मध्ये बँडमधून बाहेर पडला. पण कॉलेजांच्या रेडिओवर गाणं वाजत राहिलं, शेवटी कंपनीनं ते सिंगल काढलं आणि १९७५ मध्ये ते हॉट १०० वर २७ व्या क्रमांकावर पोचलं. ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’लाही मिशिगनमधल्या कॅलामझू या छोट्या शहरातल्या स्टेशननं अल्बममधूनच उचलून वाजवलं, त्यानंतर कंपनी जागी झाली. त्याआधी त्याच अल्बममधली दोन सिंगल हॉट १०० वर ३२ आणि ७७ वर थांबली होती. तेव्हा ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कराड, विटा इथल्या कॉलेजांची गॅदरिंग हलकी समजू नका. एकाच गाण्याची एकाच ठिकाणाहून पुन्हापुन्हा आलेली मागणी ही दहा ठिकाणी एकदा वाजण्याहून जड असते.

बाहेर काढताना

शुक्रवार धरा. जुलै २०१५ पासून नवी गाणी जगभर शुक्रवारी येतात आणि बिलबोर्डचा मोजणीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार असतो. सोमवारी काढलंत तर पहिल्या आठवड्याचे तीन दिवस गेले. गाणं ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडे फाइल किमान तीन-चार आठवडे आधी द्या: वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. भाषा ‘मराठी’च निवडा. बँडचं नाव आधी शोधून बघा: त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि ते परत आणायला महिना जातो.

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक लागतो, तो बहुतेक वितरकच देतो. लांब आणि कापलेल्या आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक घ्या. एकच दिला तर आकडे एकमेकांत मिसळतात. गीतकार-संगीतकारांची नोंद आयपीआरएसकडे (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) स्वतंत्र करावी लागते, आयएसआरसीनं ते काम होत नाही. कुणाचा वाटा किती टक्के, हे गाणं वाजायच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आहे तसं पुन्हा गाणं. अमेरिकन गाण्याला मराठी शब्द घालणं म्हणजे कव्हर नव्हे, ते भाषांतर किंवा रूपांतर आहे. त्याला मूळ हक्कदाराची लेखी परवानगी लागते, आणि ती न घेता टाकलेलं गाणं हमखास खाली उतरवलं जातं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये कव्हरची वाट आहे, पण मूळ रेकॉर्डिंग झालेल्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटावी लागतात, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं. गावातल्या बँडला स्वतःचं गाणं स्वस्त पडतं.

स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. पहिलं लक्ष्य तेच ठेवा. दर शुक्रवारी सकाळी वहीत चार रकाने भरा: ऐकणी, किती जणांनी ऐकलं, किती जणांनी जपून ठेवलं, कुठल्या गावातून. ऐकणी वाढली आणि जपून ठेवणारे तेवढेच राहिले, तर गाणं कुणाच्या तरी यादीत नुसतं वाजतंय. जपून ठेवणारे वाढले आणि गाव एकच दिसलं, तर पुढचा कार्यक्रम त्याच गावात घ्या.